लाळ

आमच्या परसात भोकराचं झाड होतं,
ते सावलीसाठी नव्हतं.
फळं उकळायची, चीक गाळायचा, वर मध,
आणि डाळिंबाच्या हातभर सरळ फांद्या
त्यात घोळवत बसायचं
बोटाला तार सुटेपर्यंत.
पाक जमला की नाही, हे आई वासावरून सांगायची.
पॉलिक्सेनीच्या काठीवरून पाखरू सुटत नाही,
असं गावात म्हणत.
कौतुकानं म्हणत.

ऑक्टोबर. सायप्रसचं आग्नेय टोक, लाल माती,
बटाटे कधीच निघालेले, गवत वाळून कुरकुरीत.
पाखरं यायची पोलंडकडून, युक्रेनच्या बागांतून,
काळ्या टोपीचा वटवट्या,
वजन पावणेदोन तोळे,
त्यातलं निम्मं अंजीर.
पुढे पाणीच पाणी, मग वाळवंट,
आणि मधे हे बेट,
कुणीतरी समुद्रात पाट मांडून ठेवावा तसं.
उतरणाऱ्याला काय कळणार
पाट कुणासाठी, ताट कुणाचं.

रविवारी उकडलेली, डझनावारी.
डोक्यासकट, हाडांसकट, एका घासात.
मीही खाल्लीत, खोटं कशाला बोलू.
दाताखाली कवटी फुटते तेव्हा
भाजलेल्या दाण्याएवढाच आवाज होतो.

मग काठ्या मागे पडल्या.
मावसभाऊ लूकिसनं बाभळी लावल्या
माणसांना पाणी पुरत नाही अशा माळावर,
त्यांना नळीनं पाणी पाजलं.
दोन रांगांमधे गल्ली, गल्लीत जुने गालिचे,
आणि पहाटेच्या उजेडात न दिसणारी जाळी.
रात्री दोनला बॅटरीवरचा कर्णा सुरू.
त्यात एकच वटवट्या गातो,
सोळा सेकंद, पुन्हा सोळा सेकंद.
वरून अंधारातून जाणाऱ्यांना वाटतं
खाली आपलं कुणी आहे.
मी विचारलं, हा गाणारा कुठला रे?
लूकिस म्हणाला, दुकानदारानं कार्डात भरून दिला.
केव्हाच मेला असेल.

यंदा वडील एक्क्याऐंशीचे.
आई जाऊन दोन वर्षं झाली.
परवा सकाळी अंगणात आले तर
ते जैतुनाखाली पाठमोरे, काहीतरी चोखत.
जवळ गेले. मुठीत वटवट्या,
एक पंख आणि सगळी शेपटी काठीला चिकटलेली,
आणि वडिलांच्या तोंडात तो पंख.
कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलेली.
हा चीक पाण्यानं निघत नाही, तेलानं पिसं जातात,
लाळेनं तेवढा सुटतो.
हे फक्त पकडणाऱ्यालाच ठाऊक.
एकेक पीस ओठात धरायचं, भिजवायचं, थांबायचं.
पाखराचं ऊर इतकं जोरात उडत होतं
की त्यांचा अंगठा हलताना मला दिसला.

काठी कुणी लावली, बाबा?
ते बोलले नाहीत, तोंड भरलेलं.
बऱ्याच वेळानं थुंकले, ओठ पुसले,
म्हणाले, बरणीच्या तळाशी उरला होता थोडा.
तुझ्या आईच्या हातचा.
मध जरा जास्तच घालायची.

तीन पिसं काठीवरच राहिली.
पाखरू भिंतीवर बसलं, ओलं, वाकडं,
शेपटी असल्यासारखं तोल सावरत.
कुत्रं भुंकलं. परत पाहिलं तर भिंत मोकळी.
दक्षिणेला गेलं की शेजाऱ्याच्या अंजिरात,
मला नाही माहीत.
वडिलांनी काठी कनवटीला खोचली,
कवळी धुतली, कॉफी मागितली.

त्या रात्री दोनला
माळावरून कर्णा सुरू झाला.
सोळा सेकंद. पुन्हा सोळा सेकंद.
पलीकडच्या खोलीत खाट करकरली.
अंधारात त्यांचा हात
फरशीवर फिरत होता, जोडे शोधत.
मी दिवा लावला नाही.
माझेही दाराशीच होते.