जातय तिथं

भांडुपच्या मिठागरात, शेवटच्या बांधावर,
जोमामामा खडे निवडत बसायचा.
लिंबाएवढा नको, फार मोठा.
आवळ्याएवढा हवा, जरा चपटा,
हातातून सुटल्यावर गरगरणारा नको.
मिठाचाच. दगड नाही.
दगड खाली येऊन कुणाच्या तरी डोक्यात बसतो,
मीठ फुटलं तर फुटलं, नाहीतर परत मिठात.

राखीव पोलिसात त्यानं पंचवीस वर्षं
पोरांना पालथं झोपवून नेम शिकवला होता,
मातीच्या ढिगापुढे उभ्या केलेल्या
पुठ्ठ्याच्या माणसांवर.
"त्यात काय," म्हणायचा. "पुठ्ठा कुठं पलतय?"

मी चौदाची. छऱ्याची बंदूक माझ्यापेक्षा जुनी,
दस्त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं.
गुडघ्यावर नळी मोडायची,
छर्रा अंगठ्यानं दाबायचा, खट्.
गाल दस्त्याला. दोन्ही डोळे उघडे.
खाचेत माशी बसवायची ती हलत नाही त्याच्यासाठी;
इथं माशी दिसली पाहिजे, बघायची नाही.
बघायचा खडा.
एवढं कळायला अख्खा माघ गेला.

तो फेकायचा, मी खड्यावर मारायची,
आणि छर्रा पोचेपर्यंत खडा तिथून गेलेला.
रोज चाळीस छर्रे.
छऱ्यांच्या डबीपायी तो विड्या कमी ओढतो,
असं मामी मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं
शेजारणीला सांगायची.
"हाय तिथं नको, बाय. जातय तिथं."
पण जातय तिथं तर काहीच नव्हतं.
विजेच्या तारा, घाटकोपरकडे उतरणारं विमान,
मधे नुसतं आभाळ.
नुसत्या आभाळावर चाप ओढायला
माझं बोट तयार होईना.
आणि मारल्यावर बंदूक थांबवायचीही नाही, म्हणे.
चुलीवरून पातेलं उतरवताना
हात मधेच सोडतेस का?

फाल्गुनात पहिला फुटला.
आवाज असा नाहीच,
वर एक पांढरी फुंकर,
आणि मामा बरोबर तिच्याखाली,
तोंड वर, जीभ बाहेर.
"लागला," म्हणाला.
मी सांगायच्या आधी.

मग एका संध्याकाळी खाडीवरून
रोहित पक्ष्यांची रांग आली, इतक्या खालून
की पंखांखालचा लाल रंग दिसला.
नळी आपोआप त्यांच्यामागे निघाली,
त्यांना गाठून दोन हात पुढे गेली,
जशी जायला हवी तशी.
मी काही ठरवलं नव्हतं. अंग शिकलं होतं.
बोट चापावरून काढताना ते माझं वाटेना.
"काय गेला वरशी?" मामानं विचारलं.
"विमान."
"विमान पंख मारत नाय."
आणि तो पुढचा खडा चाचपू लागला.
चाचपू लागला, बोटांनी.
समोर पुरुषभर पांढरी रास होती.

मला तेव्हाही कळलं नाही.

चैत्र संपताना एकदा
चुकलेल्या खड्याला मी "लागला" म्हटलं.
छर्रे संपत आले होते, ऊन होतं, कंटाळा आला होता.
मामानं ओठांवरून जीभ फिरवली.
थांबला. पुन्हा फिरवली.
"अलनी हाय," म्हणाला,
आणि पुढचा फेकला.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, तीन वर्षांपासून.
मामीनं सांगितलं ते त्याच्या दहाव्याला,
कावळ्याची वाट बघताना.

बंदूक आता माझ्याकडे, मुलुंडला,
सातव्या मजल्यावर, कपाटावर आडवी.
उन्हाळ्यात एखाद्या रविवारी बांधावर घेऊन जाते.
फेकायला कुणी नाही.
डाव्या हातानं फेकायचा, मग दस्ता खांद्याला.
खडा माथ्यावर जाऊन क्षणभर थांबतो, असं लोक म्हणतात.
थांबत नाय, मामा म्हणायचा, ती आपली आशा.
गाल टेकेपर्यंत तो खाली आलेला असतो,
मिठात मीठ,
त्यातला कुठला तो, सांगता येत नाही.
तरी मी ओठ चाटते.
खाडीचा वारा खारटच असतो.
त्यावरून काही ठरत नाही.