मुद्देमाल क्रमांक चौदा

हुकूम दोन पानी होता. टाइप मीच केला होता:
'नदीच्या पातळीसंबंधी आपल्या ताब्यात असलेले
सर्व दस्तऐवज, मूळ स्वरूपात,
कोणतीही खाडाखोड न करता,
समक्ष हजर करावेत.'
अर्ज धरणाच्या कंपनीचा होता.

पारास्का वोलोशिननं तो शब्दशः पाळला.
फेब्रुवारी, उणे एकतीस.
डॉफिनच्या कोर्टासमोर पिकअप थांबला
आणि शहाण्यानं चढू नये म्हणतात ती पायरी
एक दार चढून आलं.
जावई पुढे, म्हातारी मागे,
बिजागऱ्या तिच्या कोटाच्या खिशात खुळखुळत.

कोठीघराचं दार. हिरवा रंग, पोपडे आलेला,
मुठीपाशी बीटाच्या लोणच्याचा डाग.
आतल्या अंगाला पेन्सिलीच्या रेघा,
युक्रेनियन अक्षरांत साल, महिना,
धरणाचे दरवाजे कुठल्या रात्री उघडले.
सदतीस वर्षांची नदी
एका फळीवर उभी.

रजिस्टरात रकाना असतो: पानांची संख्या.
मी लिहिलं, एक.
खोडलं.
पुन्हा लिहिलं, एक.

उलटतपासणीत कंपनीचा वकील गुडघ्यांवर बसला.
'ही रेघ? हिला तारीख नाही.'
जमिनीपासून साडेतीन फूट,
इतरांहून जाड, कितीदा तरी गिरवलेली.
'ते पाणी नाही.'
'मग काय आहे?'
ती दुभाष्याकडे न बघता बोलली,
म्हणून त्यालाही जरा उशीर झाला.
'लेस्या. एप्रिलात मोजली होती.
मे महिन्यातलं पाणी तिच्यावर आहे.
बघा ना. चार बोटं.'

वकिलानं बोटं लावून पाहिली नाहीत.
उठला, पँट झटकली, म्हणाला,
ही नोंद दाव्याशी संबंधित नाही, वगळावी.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.
'खाडाखोड नको, हे तुम्हीच मागितलं होतंत.'

निकाल लागला, अपील झालं,
अपिलाला तारखा पडताहेत.
दार तळघरात आहे, बॉयलरपासून लांब;
चौदा नंबरची चिठ्ठी मी लोणच्याच्या डागावर डकवली,
रेघांना लागू नये म्हणून.

महिन्यातून एकदा तिचा फोन येतो.
कोठीला सध्या चादर लावलीय, सांगते.
उंदीर येतात, सांगते.
खटल्याचं विचारत नाही.
'उभं आहे ना?'
उभं आहे, मी म्हणतो.
'आडवं करू नका.'