वाऱ्याचं कलम

घराची पॉलिसी पंधरा वर्षं फ्रीजवर होती,
खेकड्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली.
काल अर्सेनने ती पहिल्यांदा वाचली,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
आग आहे, म्हणाला. चोरी आहे.
पोस्टमन जिन्यावरून घसरला तर तेही आहे.
मग पान उलटलं आणि गप्प झाला.
वारा नाही.

टेक्ससचा किनारा, बारा खांबांवर उभं घर,
समोर मैलभर नुसतं गल्फचं पाणी,
आणि त्यांनी आम्हाला लेखी
वाऱ्यावर सोडलेलं.

पुराची पॉलिसी आहे, ती वेगळी.
आता वाऱ्याचीही वेगळी घ्यायची.
जसं काही पाणी आणि वारा
निरनिराळ्या दिवशी येणार आहेत,
एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या सोयऱ्यांसारखे.

विल्मा थिबोडोच्या घराचा फक्त जिना उरला होता.
सात पायऱ्या, आणि वर आकाश.
पाहणीला आलेल्या पोराने वही उघडून विचारलं,
आधी काय आलं, मॅडम, वारा की पाणी?
वारा म्हटलं तर एक कंपनी हात झटकणार,
पाणी म्हटलं तर दुसरी.
विल्मा म्हणाली, मी ह्यूस्टनला भाचीच्या सोफ्यावर होते.
घराला विचारून सांगते.
आणि ती खरंच जाऊन बसली वरच्या पायरीवर,
अंधार पडेपर्यंत.

वर्षाला एकोणतीसशे डॉलर.
शिवाय नुकसान झालंच तर
घराच्या किमतीचे पहिले दोन टक्के आपले आपण सोसायचे.
अर्सेनने विजेच्या बिलामागे हिशोब मांडला:
बोटीचं अर्धं इंजिन.
किंवा माझे खालचे दात, सगळे.
एकतीस वर्षांत, तो म्हणाला,
एकदाच छप्पर उडालंय, तेही कोंबड्यांचं.
मी हसले. पण त्याची मोजणी मला ठाऊक आहे,
तो आलेली वादळंच मोजतो.
गाडी सुरू ठेवून, मांजर पिशवीत कोंबून
आम्ही रात्रभर रेडिओ ऐकत बसलो
आणि पहाटे जी लुइझियानाकडे वळली,
ती त्याच्या हिशोबात नाहीत.
लुइझियानात त्याची बहीण राहते.

एजंट डेझरी फोनवर म्हणाली, वेळ लावू नका.
गल्फमध्ये एकदा वादळाचं बारसं झालं
की आम्ही नवे कागद करत नाही.
फेब्रुवारी होता. वादळांची नावं
अजून कुठल्यातरी यादीत झोपलेली.

मग छप्पर तपासायला एक मुलगी आली,
गुडघ्यांना पट्टे, हातात विजेरी.
तासाभराने माळ्यावरून तिचं डोकं खाली आलं,
केसांत कोळिष्टकं.
हे खिळे कुणी मारलेत?
नियमापेक्षा दुप्पट आहेत.

माझ्या बापाने.
कॉफीत साखर मोजून घालणारा,
लग्नातला सूट घालून पुरला गेलेला माणूस.
खिळ्यांच्या बाबतीत मात्र त्याने हात आखडला नाही.
नऊ वर्षांचा असताना एक रात्र
त्याने चिंचोळ्या ओकच्या झाडावर काढली होती, धाकट्या भावासोबत.
सकाळी तो एकटाच उतरला.
आमच्याशी यावर कधी बोलला नाही.
जे काय बोलायचं ते त्याने
तिथे वर, तुळयांत ठोकून ठेवलं होतं.

मुलीने शेरा लिहिला: उत्तम.
अर्सेन म्हणाला, बघ, सासऱ्याने विमा उतरवलाच आहे.
दोन दिवस मीही तसंच म्हणत राहिले,
भांडी घासताना, कोळंबी सोलताना.
छप्पर टिकेल कदाचित.
पण भिंती अर्सेनने बांधल्यात,
आणि तो उतावळा माणूस आहे, मी त्याच्याशी लग्न केलंय.

तिसऱ्या दिवशी सही केली.
विल्माच्या त्या पायरीवर मला बसायचं नाही,
वही उघडून उभ्या असलेल्या पोरासाठी
उत्तर शोधत.

दात? अर्सेनने विचारलं.
पुढच्या वर्षी.
तो उठून बोटीकडे गेला, दोर पुन्हा आवळायला,
गरज नसताना.

बाहेर झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता,
धक्क्यावर पेलिकन, मातीचा असावा तसा.
पंखा बंद, खिडक्या बंद.
तरी पाकिटात घालण्याआधी
कागदाचा एक कोपरा हलला.
मी त्यावर मीठदाणी ठेवली.