थकलेली वर्गणी

बँकेचं पत्रक टेबलावर पसरून बसलेय.
खिडकीबाहेर पोर्ट हॅलिनचा धक्का, दुपारी तीनलाच काळोखा.
हातात लाल पेन्सिल.
डिझेल वाढलं, अंडी वाढली,
कॅनरीचं पेन्शन मात्र आहे तिथंच, नांगर टाकून.

गाण्यांचं अॅप, बारा डॉलर. काट.
व्यायामाचं, जे मी एकदाच उघडलं
आणि त्या बाईचा उत्साह बघूनच दमले. काट.
धक्क्याचं भाडं, एकशेचाळीस.
त्यावरून नजर पुढे नेते.
सिनेमांचं, साडेपंधरा.
पेन्सिल थांबते.

रेडिओवर सिग्रून चार दिवस पैसे मागतेय.
तिला मागता येत नाही.
भरती-ओहोटीच्या वेळा सांगताना खणखणीत असलेला आवाज
'जमेल तेवढं' म्हणताना खोकतो.
सरकारी मदत आटली, मनोऱ्याचा दिवा बदलायचाय,
एवढं बोलून ती घाईघाईनं
कुणाच्यातरी हरवलेल्या कुत्र्याकडे वळते.
आम्ही सगळे फुकटे ऐकणारे.
हवेचं कधी कुणी बिल भरतं?

एकतीस वर्षांपूर्वी
क्रिसांतो खेकड्यांच्या बोटीवर होता,
बेटांच्या पार पलीकडे, फोन पोचायचा नाही तिथं.
संध्याकाळी सहाला स्टेशनवरून निरोप वाचत.
पंपाचा सुटा भाग आलाय, सोमवारी घेऊन जा.
आजीचं ऑपरेशन नीट झालं.
आणि मग,
क्रिसांतो अब्रेनिका यांच्यासाठी :
मुलगा. साडेसात पौंड. दोघं बरी आहेत.

सगळ्या बोटींनी ऐकलं ते.
पुढे महिनाभर ओळखदेख नसलेले खलाशी
धक्क्यावर त्याच्या पाठीत थाप घालून जायचे.
त्या सहा शब्दांचं बिल कुणी पाठवलं नाही,
मीही विचारलं नाही.

तो साडेसात पौंड आता तूसॉनला असतो, वाळवंटात.
बापाला पुरून आलो त्याच आठवड्यात
मी म्हटलं, बोट विकून टाकू.
तो जे बोलला ते बोलला, मीही कमी नव्हते.
चार वर्षं झाली.
फोन नुसता वाजतो. पत्ता बदललाय.

पण सिनेमांच्या त्या खात्यात
माझ्या चौकोनाला खेटून त्याचा चौकोन अजून आहे :
रोडेल, निळा चेहरा, हसरा.
मी आत शिरते, काही न लावता बाहेर येते,
झोपलेल्या पोराच्या खोलीत डोकावावं तशी.
मंगळवारी पहाटे तीनपर्यंत पाव भाजणाऱ्यांची स्पर्धा,
पाच भाग, एकामागून एक. म्हणजे झोप नाही.
गुरुवारी काहीच नाही.
म्हणजे काम असेल. किंवा कुणी भेटलं असेल, देवा, भेटलेलं असू दे.
नोव्हेंबरात एकदा समुद्रावरचा माहितीपट, अर्धाच.
कुठे सोडला तेही पाहिलं मी :
जाळं वर येतं तिथं.

शेजारची बेरिट विचारते, पैसे वसूल होतात का गं?
मी तर त्यातला एक सिनेमा पाहत नाही.

काल स्टेशनला फोन लावला. साठ डॉलर.
सिग्रूननंच उचलला.
कप पाठवू का पिशवी?
काही नको, म्हटलं, जुनी बाकी आहे.
कसली?
सहा शब्दांची.
ती जराशी थांबली. मग तिनं बहुधा 'इतर' वर खूण केली.

रात्री मी माझ्या चौकोनाचं नाव बदललं.
इतकी वर्षं तिथं नुसतं 'आई' होतं.
मोजकीच अक्षरं मावतात तिथं,
सहाच्या निरोपासारखी.
लिहिलं :
बोट विकली नाही.

आज सकाळी पाहिलं.
तेच नाव, तोच निळा चेहरा.
पाव भाजणारे मात्र काल रात्री एकलाच थांबलेत,
भागाच्या मधेच,
भट्टीचं दार उघडं.