धोवन

लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणून पोरीनं
पुण्याहून फोनवर टेबल धरलं.
अमळनेरहून धुळ्याकडे जाताना डाव्या हाताला,
हॉटेल न्यू साईछाया. जुनं कुठे होतं, कुणाला माहीत.
फॅमिली सेक्शन म्हणजे
प्लायवूडचा आडोसा आणि एक पंखा,
जो वारा देतो तो शेजारच्या टेबलाला.

पोऱ्यानं पाणी आणलं. चार बोटं चार ग्लासांत.
आम्ही दोघंच होतो.
"शेवभाजी, भरीत, कळण्याच्या भाकरी चार."
"कळण्याच्या नाहीत. रोटी आहे."
"चालेल," हे म्हणाले.

चालेल.
मी मान वर केली.
हा शब्द ह्यांच्या तोंडून
घरात कधी ऐकला नव्हता.

पाऊण तास.
आमच्यामागून आलेली वाळूच्या ठेकेदाराची पार्टी
जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत गेलीसुद्धा.
ह्यांनी दोनदा हात वर केला,
दोन्हीदा अर्ध्यातून वळवून डोकं खाजवलं.

मग आलं.
शेव आधीच रश्श्यात टाकलेली, तिचा लगदा झालेला.
रस्सा असा, की वाटीच्या तळावर कोरलेलं
'साईछाया' वाचता येत होतं.
भरीत गॅसवरचं. वासावरूनच सांगते,
ह्या वांग्याला काड्यांचा धूर जन्मात लागलेला नाही,
बडगी त्यानं पाहिलेली नाही,
मिक्सरमधून फिरून आलंय बिचारं,
वर शेंगदाणे, तेही खवट.

जाता जाता पोऱ्यानं विचारलं, "जेवण कसं वाटलं, शेट?"
"एक नंबर," हे म्हणाले.

एक नंबर!
ज्या माणसानं माझ्या डाळीत बोट बुडवून
नणंदेच्या सासरच्या पाहुण्यांसमोर,
माझे हात अजून ओले असताना विचारलं होतं,
"हाई डाळ शे का धोवन?"
ज्यानं कच्ची म्हणून बट्टी कुत्र्याला टाकली
आणि कुत्र्यानं खाल्ली म्हणून कुत्र्यावर चिडला.
ज्याच्या ताटाचा आवाज
मला मागच्या अंगणातूनही ओळखू यायचा,
सरकवलं की वेगळा,
आपटलं की वेगळा.

मी पोऱ्याला हाक मारली.
आवाज माझाच होता. वाक्य तयारच होतं,
एकतीस वर्षं मुरलेलं.
"ये रे भाऊ. हाई भाजी शे का धोवन?"

पोऱ्या हसला, मग हसू गिळलं.
पावतीपुस्तकात बोट ठेवून मालक गल्ल्यावरून उठला.
हे टेबलाखालून माझा पाय दाबत होते,
"जाऊ दे ना. लोकं बघतात."
बघू देत. घरीही बघायचेच.
पुढचं वाक्यही तोंडपाठ होतं,
"आते मीठ काय मन्हा बाप टाकी?"
आणि मग, "इतला येळमा ते वावरमा नवं वांगं लागी जातं!"
हे मात्र माझं होतं. कुणाकडून उसनं नाही.

मालक म्हणाला, "ताई, आचारी नवा आहे. सांभाळून घ्या."

मीही नवी होते.
अठरा वर्षांची, पारोळ्याकडची, चुलीशी.
असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
म्हणून जरा थांबले.
रोटीचा तुकडा हातातच राहिला.
मग म्हटलं, "घेते. पण भरीत परत न्या."

भरीत परत आलं. वर तेल जास्त, कोथिंबीर जास्त,
चव तीच.
तरी खाल्लं. पैसे पोरीचे होते.
बिलातून एकशे ऐंशी रुपये वजा झाले,
ती पावती घडी करून
मी पाकिटात, गॅसच्या पुस्तकाशेजारी ठेवली.

येताना स्कूटरवर हे गप्प.
फाट्यापाशी, मागे न बघता म्हणाले,
"तुले इतलं सगळं याद शे?"

मी म्हटलं, पुढे खड्डा आहे,
हळू घ्या.