हक्कसोडपत्र

रविवारी माझगावच्या हॉलमध्ये
थोरले भाई बोलले बातिलवर:
टिकत नाही ते बातिल,
ओहोळावरच्या फेसासारखं.
पडद्याआड चष्मा पुसत ऐकलं मी.
बोलतात छान.

सोमवारी जुन्या कस्टम हाउसच्या पायरीशी
कागद आला समोर.
डोंगरीची खोली, अब्बांची;
माझा हिस्सा मी राजीखुशीने, वगैरे.
"कर सही, रुकय्या, चहा निवतोय."

मथळ्यात पहिला शब्द हक्क.
अल्लाचं नाव ते. सत्यही तेच,
वारसाचं देणंही तेच.
त्यालाच चिकटवून टाइप केलेलं:
सोडपत्र.

पेनाला टोपण लावलं.
शेजारच्या खिडकीत कारकून
कुणाच्या तरी अर्जावर
रद्दबातल उमटवत होता,
प्रत्येक शिक्क्याआधी
पॅडवर फुंकर घालून.

भाई, हा बातल
तुमच्या ओळखीचा आहे का?