अस्तर

कॅनव्हासचा भाव विचारला लक्ष्मी रोडला.
दुकानदार म्हणाला, किती नग?
अकरा, म्हटलं,
आणि जिना उतरले.

मग सरळ साडीच्या दुकानामागं.
दुपारी तिथला पोऱ्या रिकामी खोकी बाहेर टाकतो,
त्याला वडापाव दिला की चांगली बाजूला काढून ठेवतो.
पुठ्ठा घेताना वाकवून बघायचा.
कण्हला तर घ्यायचा.
नुसताच लवला तर तो मिठाईचा, तूप प्यालेला.
तूप लागलेल्याला रंग लागत नाही, आबा म्हणायचे,
आणि ते फक्त पुठ्ठ्याबद्दल नसायचं.

आबा बाइंडर. अप्पा बळवंत चौकात एका जिन्याखाली
एकतीस वर्षं मान वाकडी करून बसले.
खळ शिजताना चिमूट मोरचूद टाकायचे,
झुरळांना वाचता येत नाही, तरी पुस्तकं सोडत नाहीत.
मुलांच्या हातात मोरचूद नको,
मी तुरटी टाकते.

वर लावायला: खडूची पूड दोन वाट्या,
फेव्हिकॉल एक, उरलेला पांढरा डिस्टेंपर
(शेजारच्या पेंटरकडून, डब्याच्या तळाचा),
पाणी अंदाजानं.
मठ्ठ्याहून दाट, श्रीखंडाहून पातळ.
रांगोळी घालू नका, करकरते.
ज्याला करकर हवी त्यानं घालावी.
आधी जुनं धोतर नाहीतर सुती चादर चिकटवायची,
हातानं, मधून कडेला, हवा हाकलत.
मग एक हात आडवा. वाळू दे.
एक हात उभा. वाळू दे.
"वाळू दे" हे मुलांना शिकवायला मला दोन महिने लागले.

दांडेकर पुलाजवळ, समाजमंदिराच्या गच्चीवर,
पहिल्या शनिवारी अकराच्या अकरा पुठ्ठे
उन्हात पन्हाळीसारखे वळले.
बाइंडरची मुलगी मी, आणि विसरले:
मागूनही लावायचं असतं.
ओलं वाळताना ओढतं.
दोन्हीकडून ओढलं तरच सपाट राहतं.
"मागं कोण बघणारे, टीचर?" सुफियान.
कोणी नाही. लाव.

आणि कोमल रणपिसेनं आणलं ते पुठ्ठा नव्हतंच.
कपाटाचं दार. प्लायचं, एका बिजागरीसकट,
डोक्यावर घेऊन आली, ओढ्याच्या पुलावरून.
खालच्या अंगाला गाळाची रेघ,
ओढा घरात शिरला त्या रात्रीची,
तपकिरी, एकसारखी, जणू पट्टीनं मारलेली.
मला वाटलं, काय सुंदर!
म्हटलं, ही रेघ राहू दे का? चित्रात छान दिसेल.
तिनं माझ्याकडं असं बघितलं
जसं आपण पाहुण्याकडं बघतो, चपला घालून आत आलेल्या.
"टीचर, घाण आहे ती."

मग पॉलिशपेपर घेऊन बसली.
तासभर.
तपकिरी भुकटी फ्रॉकवर, पापण्यांवर,
फुंकर मारून परत घासायची,
बोटांनी चाचपून परत.
मी गप्प. डिस्टेंपर ढवळत राहिले, ढवळायची गरज नसताना.
आडवा हात दिला. उभा हात दिला.
इतकं स्वच्छ पांढरं त्या गच्चीवर
दुसरं काही नव्हतं, टाकीसुद्धा नाही.

दार पालथं करायला मी हात लावला,
आता मागून,
तर तिनं दोन्ही तळवे दाबून धरले त्यावर.
"मागं नको."
मागं पेन्सिलीनं आकडे होते,
आईच्या भिशीचे, चार वर्षांचे:
शालन ५००, बेबी ५००, शालन नाही, शालन नाही,
शालन १०००.
पाणी चढलं होतं, तरी पुसले नव्हते.

नियम मीच सांगितलेला, सगळ्यांसमोर.
सुफियान बघत होता.
प्लाय जाड आहे, मी म्हटलं,
एका बाजूनं लावला तरी वाकणार नाही.

खरं म्हणजे मला माहीत नाही.
आबांनी प्लाय कधी बांधलाच नव्हता.